चेंडूला घुंगरू

शनिवारी सकाळी साडेसातला गोविंदरावांनी वाचनालयाच्या फळ्यावर खळ फासून नीलकंठ पाध्येचं पत्रक चिकटवलं, तेव्हा समोर अकरा माणसं उभी होती. खळ वाळायच्या आत पहिला हशा झाला.

झाशीत मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक शहरातली जुनी घराणी, ज्यांचे पूर्वज कारभाराला किंवा पूजाअर्चेला इकडे आले आणि इथलेच झाले. गोविंदराव त्यांतले. दुसरी रेल्वेची माणसं, बदलीच्या कागदावर आलेली. एरवी दोघांचं येणंजाणं बेताचंच. शनिवारी मात्र दोन्हीकडची माणसं गणपतीच्या देवळाशेजारच्या ह्या फळ्यापाशी जमत, कारण आठवडाभरात गावात झालेल्या हॉकी-क्रिकेटच्या सामन्यांचा समाचार तिथे मराठीत वाचायला मिळे. पत्रकाखाली नाव असे ‘रेघेबाहेरचा’. हा रेघेबाहेरचा म्हणजे लोको शेडच्या ऑफिसातला कारकून नीलकंठ, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नसे.

जानेवारी १९३२मधल्या त्या शनिवारचं पत्रक असं होतं:

‘बरुआसागरच्या क्रिकेट संघाने सामना तळ्याकाठी ठेवला. दोन चेंडू तळ्यात गेले. तिसरा झाशीहून आणायला निघालेला गडी परतीची बस चुकल्याने सासुरवाडीला राहिला. सामना अनिर्णित.

‘शुक्रवारी रेल्वेच्या हॉकी संघावर बबीन्याच्या पलटणीने पाच गोल केले. सहावा त्यांनी माणुसकीखातर केला नाही. आपले सेंटर हाफ हरिभाऊ चेंडूच्या मागे इतकं अंतर राखून धावतात की चेंडूला कधी गर्दी वाटत नाही. राइट आउट प्यारेलाल सामनाभर कडेच्या रेघेला धरून होते. रेघ पुसली असती तर ते घरी गेले असते.

‘गोलरक्षक वामनराव शिर्के ह्यांच्याविषयी तक्रार नाही. जाळ्यात गेलेला चेंडू ते तत्परतेने काढून देतात. त्याआधी मात्र त्यांना तो दिसत नाही, ऐकू येतो. तिसऱ्या गोलाच्या वेळी पलटणीच्या फॉरवर्डने चेंडू हलकेच ढकलला, आवाज झाला नाही, आणि वामनराव दुसरीकडे पाहत उभे राहिले. पुढच्या खेपेस पलटणीने चेंडूला घुंगरू बांधावं, एवढीच विनंती.’

“घुंगरू!” गोविंदराव डोळे पुसत म्हणाले. “पाध्ये, तुमच्या लेखणीला सरकारने परवाना घ्यायला लावला पाहिजे.”

“मी कशाला लिहितोय?” नीलकंठ म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

अकरातले दोघे रेल्वेचे ड्रायव्हर होते. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, एकमेकांकडे पाहिलं आणि काही न बोलता सायकली काढल्या. नीलकंठला ते दिसलं. त्यांना विनोद कळला नाही, असं त्याने धरलं.

वामन शिर्के हा स्वतः ड्रायव्हर होता. झाशीहून संध्याकाळी पाच चाळीसला निघणारी कानपूर पॅसेंजर तो नेत असे.

सोमवारी दुपारी शेडच्या ऑफिसात डबे उघडले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “पाध्येजी, सुना है इस बार पलटन की जगह अपनी ही टीम को धोया?” नीलकंठला एवढं पुरे होतं. त्याने अख्खं पत्रक हिंदीत करून सांगितलं. घुंगराच्या जागी तर त्याने उठून वामनची नक्कल केली; गुडघे वाकवून, मान वाकडी करून, कानावर हात ठेवून. दहा माणसं पोट धरून हसली. दारात फोरमन लोबोसाहेब येऊन उभे राहिले होते, तेही हसले.

“फिर से सुनाओ. वो गोलवाला.”

नीलकंठने पुन्हा सांगितलं, ह्या वेळी थोडं मीठमसाला लावून.

“तीसरा गोल कितने बजे हुआ?”

“यही कोई पाँच बीस, साहब.”

“रोशनी थी?”

“रोशनी?” नीलकंठ रंगात होता. “साहब, मैं सत्तर क़दम दूर से गेंद की सिलाई गिन रहा था.”

पुन्हा हशा झाला. लोबो मात्र ह्या वेळी हसले नाहीत. ते म्हणाले, “खाना खाके अंदर आना.”

नीलकंठने उरलेली पोळी डब्यात तशीच ठेवली. बाकीचे अजून घुंगरू घुंगरू करत होते. त्याला एकदम त्या दोन सायकली आठवल्या.

लोबो टेबलामागे उभेच होते. “पाध्ये, ये मज़ाक़ है, या तुमने देखा है?”

“मज़ाक़ है, साहब.”

“दस आदमियों के सामने मैंने सुना कि मेरा ड्राइवर शाम को गेंद नहीं देखता. अब मैं ये नहीं कह सकता कि मैंने नहीं सुना. कल कुछ हो गया तो पहला सवाल मुझसे होगा.” त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “लिख के दो. मज़ाक़ था, तो लिखो मज़ाक़ था. मैं फ़ाइल में रखूँगा, और शिरके की आँख जून में देखी जाएगी, जब सबकी देखी जाती है. देखा है, तो लिखो देखा है. मैं उसको डॉक्टर के पास भेजूँगा. बुधवार सुबह तक.”

नीलकंठ कोरा कागद घेऊन बाहेर आला. ते नोकरकपातीचे दिवस होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला आधी शेडमध्ये हलकं काम मिळे. आता ती कामंच उरली नव्हती. गेल्या महिन्यात असे दोघे सरळ घरी गेले होते आणि तीस दिवसांत क्वार्टर सोडून गावालाही. वामनला तीन मुली होत्या. त्याची बायको शारदा आणि नीलकंठची अंबिका एका नळावर पाणी भरत.

त्या रात्री अंबिकेने विचारलं, “जेवत का नाही?”

“मी वामनची थट्टा केली होती.”

“वाचली मी. शारदावहिनींना पण वाचून दाखवली. हसत होत्या.” ती वाढता वाढता थांबली. “काय झालं?”

त्याने सांगितलं. अंबिकेने पळी खाली ठेवली. “मग लिहून द्या ना थट्टा होती म्हणून. थट्टाच होती ना?”

“हो,” नीलकंठ म्हणाला.

पण झोप लागेना. नीलकंठच्या विनोदाची एक रीत होती, आणि तिचा त्याला अभिमान होता: तो घडलेलंच लिहायचा. हरिभाऊ खरोखर मागे पडत. प्यारेलाल खरोखर रेघ सोडत नसत. तो मैदानाकडेला बसून जे पाही ते टिपे आणि शब्द तेवढे तिरके करी. तिसरा गोल त्याने पाहिला होता. वामनची मान चेंडूकडे नव्हती. पलटणीतला एक शिपाई दूर कुठेतरी ओरडला होता, तिकडे ती वळली होती. चेंडू पांढरा, मैदान तांबूस, उजेड पुरेसा. नीलकंठने ते पाहिलं आणि त्याला हसू आलं. का आलं, ते आता आठवेना.

मंगळवारी दुपारी वामन कानपूरहून परतला आणि आंघोळ करून थेट नीलकंठच्या दारी आला. उंच, रुंद खांद्यांचा, चाळिशीचा माणूस. बोलणं शेडभर ऐकू जाईल असं.

“काय रेघेबाहेरचे! आम्हाला रुळाबाहेर काढता काय?”

“वामनराव, मला...”

“अरे, बस बस. रडू नकोस. लोबोने मला सांगितलं सगळं. चांगला माणूस आहे, पण कागदाला भितो. तू दोन ओळी लिही, मिटलं.” त्याने अंबिकेने दिलेला चहा बशीत ओतला. “वहिनी, ह्याला सांगा, माझ्यावर लिहायचं तर माझ्या पोटावर लिही. पोट तपासायला डॉक्टर नाही.”

अंबिका हसली. नीलकंठलाही हसू आलं, आणि त्या हसण्याने त्याला जरा धीर आला. तो म्हणाला, “चला, मैदानावर जाऊ. दोन-चार चेंडू मारतो. पुढच्या शनिवारी चांगलं लिहीन.”

हे त्याने का सुचवलं, ते त्याला पक्कं माहीत होतं. वामनलाही माहीत असावं. तो बशी खाली ठेवून म्हणाला, “आत्ताच चल. ऊन आहे तोवर.”

पण निघता निघता उशीर झाला. वाटेत हरिभाऊ भेटले, ते अंतर राखून धावण्यावरून अर्धा तास भांडले. मैदानावर पोचले तेव्हा साडेपाच होत आले होते. मैदान रिकामं होतं. किल्ल्याच्या बाजूला आभाळ अजून उजळ होतं. गोलाच्या खांबांची सावली मात्र मातीत विरून गेली होती.

वामन गोलात उभा राहिला. नीलकंठने वीस पावलांवरून पहिला चेंडू जोरात मारला. टाक् आवाज झाला आणि वामनने तो पायाने अडवला. दुसरा अडवला. तिसऱ्याला तो झेपावला आणि तोही अडवला.

“लिही! लिही आता!” वामन ओरडला.

नीलकंठने चौथा चेंडू घेतला. स्टिक बाजूला ठेवली. खाली वाकला आणि चेंडू हाताने, अजिबात आवाज न करता, सरळ वामनच्या दिशेने घरंगळत सोडला.

तो उभा राहून बघत राहिला. चेंडू सावकाश गेला, वामनच्या डाव्या पायापासून वीतभर अंतरावरून, आणि मागच्या जाळीला टेकून थांबला.

वामन गुडघे वाकवून तसाच उभा होता. नजर नीलकंठवर, म्हणजे नीलकंठ जिथे असेल असं त्याला वाटत होतं तिथे.

“टाक ना,” तो म्हणाला. “किती वेळ?”

ह्याच उजेडात, आणखी थोड्या कमी उजेडात, हा माणूस नऊ डबे माणसांनी भरून नेतो.

“टाकला,” तो शेवटी म्हणाला.

वामनने मान वळवली. मागे गेला, वाकला, हाताने चाचपून चेंडू उचलला. बराच वेळ त्याच्यावरची माती अंगठ्याने पुसत राहिला.

“वर्ष झालं,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज दोन हातांवर ऐकू जाईल एवढाच होता. “दिवसा ठणठणीत. दिवे लागायची वेळ झाली की सगळं धुरकट. सिग्नलचा दिवा दिसतो, पण पसरून दिसतो. लाल की हिरवा ते अगदी जवळ गेल्यावर.”

“मग गाडी?”

“श्रीकृष्ण आहे ना. माझा फायरमन. तो सांगतो. मी विचारत नाही, तो सांगतो. पोरगा नाही, माझ्याएवढाच आहे, त्याला कळतं. जूनपर्यंत दे, नीळूभाऊ. जूनमध्ये जे व्हायचं ते होईल. तोवर मोठीचं लग्न होतं. आत्ता क्वार्टर गेलं तर मी तीन मुलींना घेऊन कुठे जाऊ? कोकणात? तिथे मला कोण ओळखतं? मुलींना धड मराठी बोलता येत नाही.”

परतताना सडकेवर खड्डा होता. नीलकंठने वामनचा दंड धरला, आणि वामनने तो धरू दिला.

बुधवारी सकाळी नऊला नीलकंठने लोबोंच्या टेबलावर कागद ठेवला. ‘मी ड्रायव्हर वामन शिर्के ह्यांच्याविषयी जे बोललो ते केवळ थट्टेने बोललो. त्यांच्या दृष्टीत दोष असल्याचं मी पाहिलेलं नाही.’ अशा अर्थाचं, इंग्रजीत, चांगल्या वळणदार अक्षरात. लोबोंनी कागद दोनदा वाचला, वर पाहिलं.

“पक्का?”

“जी साहब.”

“अच्छा.” कागद फाइलीत गेला.

दिवसभर नीलकंठने स्वतःला समजावलं. श्रीकृष्ण आहे. वर्षभर काही झालं नाही. पाच महिन्यांचा प्रश्न. एका माणसाचं घर वाचलं, आणि तेही आपल्याच तोंडामुळे बुडणार होतं. हे सगळं खरं होतं. साडेपाचला तो उद्याचा तक्ता करायला बसला. कोणत्या गाडीवर कोण ड्रायव्हर, कोण फायरमन, हे रोज लिहिणं त्याचंच काम. आजच्या तक्त्यावरून उद्याचा उतरवायचा. त्याने आजचा ओढला. दुपारी तीननंतर दुसऱ्या कारकुनाने त्यात एक फेरफार केला होता. कानपूर पॅसेंजर: ड्रायव्हर शिर्के. फायरमन श्रीकृष्ण ह्या नावावर काट होती. पुढे ‘ताप’ असं लिहून दुसरं नाव घातलं होतं. बीनाहून आदल्या दिवशी बदलून आलेला, ह्या लाइनवर पूर्वी कधी न गेलेला माणूस.

नीलकंठने टोपीही घेतली नाही. शेडपासून स्टेशन पाऊण मैल. तो पळाला. फलाटाच्या मागच्या टोकाला पोचला तेव्हा गार्डने हिरवा झेंडा दाखवला होता. इंजिन पुढच्या टोकाला, नऊ डब्यांपलीकडे. तो डब्यांच्या कडेने धावू लागला. खिडक्यांत माणसं होती; एक बाई शेंगा सोलत होती, एक म्हातारा वरच्या फळीवर गाठोडं चढवत होता. गाडी हलली.

“वामनराव!”

इंजिनाच्या दारातून वामनने बाहेर पाहिलं. हाक आली त्या दिशेला हात हलवला. हसलाही. त्याला वाटलं, कुणीतरी निरोप देतंय.

शेवटचा डबा गेला. समोर, दहा पावलांवर, स्टेशन मास्तर उभे होते. अजून वेळ होता. पुढच्या स्टेशनला तार केली असती तर गाडी तिथे थांबवता आली असती. नीलकंठने तोंड उघडलं. काय सांगायचं? की मी सकाळी नऊला सही करून खोटं लिहिलं? मास्तर त्याच्याकडे पाहून म्हणाले, “क्यों पाध्येजी, किसी को छोड़ने आए थे?”

“हाँ,” तो म्हणाला.

तो तारघरात गेला. तारबाबू जनार्दन त्याच्या ओळखीचा, वाचनालयातला. “या, रेघेबाहेरचे,” तो म्हणाला. “आज इकडे कसे?”

“कानपूर पॅसेंजरची खबर हवी.”

“कोण आहे गाडीत?”

“आहेत ओळखीचे.”

जनार्दनने खांदे उडवले. यंत्र टकटकत होतं. नीलकंठला त्यातलं काही कळत नव्हतं. सहा वाजता बाहेर पुरता अंधार झाला. सहा एकतीसला जनार्दन म्हणाला, “पारीछा सोडलं.” सहा बावन्नला, “चिरगाव सोडलं. वेळेवर आहे. आता मोठ, सात पंचवीस.”

“मोठला क्रॉसिंग आहे?”

“रोजचंच. कानपूरकडची मालगाडी तिथे येऊन उभी राहते. ती आत नीट लागली की पॅसेंजरला सिग्नल देतात. तोवर पॅसेंजर बाहेर उभी.” जनार्दनने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही पाणी प्या जरा.”

नीलकंठने पाणी घेतलं, प्याला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: काळोखात एक पसरलेला ठिपका, लाल की हिरवा न कळणारा, आणि त्याच्यामागे उभी मालगाडी. बीनाचा नवा माणूस भट्टीत कोळसा टाकतोय. त्याला काय माहीत, की ह्या इंजिनावर सिग्नल मोठ्याने सांगायचा असतो? वामन त्याला विचारेल का? विचारलं तर उद्या शेडभर होईल. नाही विचारलं तर...

सात पंचवीस झाले. यंत्र बोललं, ते ललितपूरकडचं होतं. सात एकतीस. सात पस्तीस.

“दहा मिनिटं,” जनार्दन म्हणाला. “होतं असं. म्हशी येतात रुळावर.”

“त्याला दिसत नाही,” नीलकंठ म्हणाला.

“कुणाला?”

“वामनला. रात्री दिसत नाही त्याला. मला माहीत आहे. मी काल पाहिलं, आणि आज सकाळी पाहिलं नाही म्हणून लिहून दिलं.”

जनार्दनचा हात यंत्रावर होता तिथेच थांबला. मग तो वळला आणि मोठला भराभर तार ठोकू लागला. उत्तर यायला दोन मिनिटं लागली. नीलकंठने भिंतीला हात टेकले होते. चुना बोटांना लागत होता. त्याने एक एक टकटक मोजायचा प्रयत्न केला आणि तो चुकत गेला.

जनार्दनने कागदावर लिहिलं, आणि लिहितानाच वाचलं. “गाडी सिग्नलबाहेर उभी आहे. सिग्नल केव्हाचा दिलाय. हात खाली आहे, रस्ता मोकळा, दिवा हिरवा. तरी गाडी हलत नाही. शिट्टी वाजवतेय.”

“उभी आहे?”

“उभी.” पुन्हा टकटक झाली. “ड्रायव्हरने फायरमनला खाली उतरवलं. कंदील देऊन. खांबापाशी जाऊन सिग्नल बघून ये म्हणाला.” जनार्दनने मान वर केली. “असं मी बावीस वर्षांत ऐकलं नाही.”

सात त्रेचाळीसला पॅसेंजर मोठला फलाटाशी लागली. नीलकंठ बाकावर बसला. भीती संपायला हवी होती. ती संपली नाही. कारण मोठपुढे एट होतं, उरई होतं, कालपी होतं, आणि कानपूरपर्यंत प्रत्येक ठिकाणी एक दिवा होता.

ड्रायव्हर बदलण्याचा हुकूम लोबोच देऊ शकत, म्हणून आठ वाजता तो त्यांच्या बंगल्यावर होता. ते जेवण सोडून, रुमाल हातात घेऊन व्हरांड्यात आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी आतल्या टेलिफोनवर दोन वाक्यं बोलले: वामनला उरईला उतरवा, तिथला ड्रायव्हर पुढे द्या. मग परत आले.

“पाध्ये, सुबह तुमने एक बात लिखी. अब दूसरी बोल रहे हो. एक में तुम झूठे हो. किसमें?”

“सुबहवाली में, साहब.”

“ये लिखोगे?”

“लिखूँगा.”

“लिस्ट मेरे पास भी आती है, पता है न? किसको रखना है, किसको नहीं.”

“पता है.”

लोबोंनी हातातला रुमाल घडी करून ठेवला. “तुमने आज उस गाड़ी को जाने दिया,” ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद आणून दिला आणि दिवा जवळ ओढला.

गुरुवारी दुपारी वामन रिकाम्या हाताने, प्रवासी म्हणून, उरईहून झाशीला उतरला. नीलकंठ फलाटावर होता. वामनला डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी त्याच्याच हातात होती, त्यानेच लिहिलेली. वामनने ती उन्हात धरून नीट वाचली. दिवसा त्याला सगळं दिसत होतं.

“नवा माणूस चांगला आहे,” तो म्हणाला. “मी विचारलं, कसा आहे सिग्नल? म्हणाला, आपको नहीं दिखता क्या? मी म्हटलं, नाही. इंजिनावर वर्षभरात पहिल्यांदा बोललो. तोंडातून गेलं आणि ब्रेक धरून उभा राहिलो. मग हिरवा आहे म्हणाला, तरी माझा विश्वास बसेना. जाऊन हात लावून ये म्हटलं.” त्याने चिठ्ठीची घडी घातली. “मी पास व्हायचा नाही, नीळूभाऊ.”

“मी पहिला कागद मागे घेतला. काल रात्री.”

“कळलं उरईला.” वामनने चिठ्ठी खिशात घातली. “तुला शिव्या घालायच्या होत्या. रात्रभर जमवत होतो. आता एकही आठवत नाही.” मग तो म्हणाला, “मी डॉक्टरकडे जातो. शारदेला तू सांग. मला नाही जमणार.”

“मी?”

“तू लिहिलंस ना?”

भर दुपारी साडेबाराला नीलकंठ रेल्वेच्या चाळीत शिरला; टोपी आजही ऑफिसातच राहिली होती. ही वेळ ऑफिसच्या माणसाने इथे येण्याची नव्हती, हे त्याला चार दारं ओलांडल्यावर लक्षात आलं. नळावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं. एकीने पोराला कडेवर घेतलं. ड्रायव्हरच्या घरी कामाच्या वेळी ऑफिसातला कारकून बिनटोपीचा, हात मोकळे ठेवून येतो, तेव्हा तो एकच बातमी घेऊन येतो. चाळीत हे लहान मुलालाही माहीत होतं. प्रत्येक बाई तो आपल्या दारावरून पुढे जाण्याची वाट पाहत होती.

तो शारदेच्या दारापाशी थांबला.

ती सूप घेऊन डाळ पाखडत होती. तिने त्याला पाहिलं. त्याच्या डोक्याकडे पाहिलं. सूप तिच्या हातातून खाली आलं आणि डाळ उंबऱ्यापर्यंत पसरली.

“कुठे?” ती म्हणाली. “कुठे झालं?”

“वहिनी, नाही. नाही. काही झालेलं नाही. वामनराव सुखरूप आहेत. इथेच आहेत, झाशीत. मी आत्ता बोलून आलो त्यांच्याशी.”

“शपथ?”

“शपथ.”

ती मटकन खाली बसली. दोन्ही हात तोंडावर घेतले आणि हसली की रडली ते कळेना, असा आवाज तिच्या गळ्यातून निघाला. आतून धाकटी मुलगी धावत आली, “अम्मा, क्या हुआ?” आणि शारदेने तिला जवळ ओढून म्हटलं, “काही नाही गं, काही नाही. बाबा बरे आहेत. भाऊजी सांगायला आलेत.”

मग तिने डोळे पुसून, अजून हसतच, नीलकंठकडे पाहिलं. “मग काय सांगायला आलात?”

नीलकंठ उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने तोंड उघडलं.